रविवारचा खाडा

"म्हणजे भांडण नाही, आजारपण नाही, धर्मराजनेही बाटलीला हात लावलेला नाही," शांतवन उजागरे चष्मा पुसत म्हणाले. "मग रविवारी चर्चला खाडा का झाला?"

"असंच, काका," मीनल भालेराव म्हणाली. "जमलं नाही."

बुवापाड्यातल्या त्या एवढ्याशा खोलीत शांतवनरावांना केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! तोंडावर मात्र त्यांनी दुःखच ठेवलं. सेवा करणाऱ्या माणसाला ते ठेवावं लागतं.

सेवा अशी, की रविवारी चर्चच्या हजेरीवहीत ज्या घरापुढे लाल फुली पडेल, त्या घरी गुरुवारी उजागरे नवराबायकोने खरवईतल्या आपल्या घरून जायचं, धीर द्यायचा, प्रार्थना करायची. दोन वर्षांपूर्वी मंडळीतली चार घरं अगदी मोडकळीला आली होती. इथे मीनलच्या नवऱ्याची, धर्मराजची दारू, तिकडे उल्हासनगरला कोंडाजीचं शिलाईकाम बंद, बाकी दोन घरांत आजारपणं. शांतवनरावांनी चौघांनाही असं काही फैलावर घेतलं, की निम्मे देवाच्या ओढीने आणि निम्मे काकांच्या धाकाने चर्चला येऊ लागले.

आणि इथेच सगळा घोटाळा झाला. माणसं सुधारली. जूनमध्ये पाळकसाहेब कौतुकाने म्हणाले, "काका, एक रविवार बिनफुलीचा जाऊ द्या, की तुमची सेवा पूर्ण झाली. मग तुम्ही आणि काकू मस्त आराम करा."

आराम म्हटल्यावर शांतवनरावांनी विषयच बदलला. आराम त्यांनी करून पाहिला होता. कारखान्यातली सुपरवायझरी संपली, मुलगा न्यूझीलंडला गेला, आणि आठ महिने ते गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहिले. आधी सोसायटीत येणारे टँकर मोजले, मग वॉचमनशी भांडले, मग दाढी करणं सोडलं, आणि शेवटी बोलणंसुद्धा. करुणाबाई पुढ्यात ताट ठेवायच्या आणि ते गार होताना बघत बसायच्या. त्या खुर्चीची शांतवनरावांना खरोखर भीती वाटायची.

त्या जूनपासून ते सगळ्यांच्या भल्यासाठी प्रार्थना करायचे आणि शेवटी हळूच जोडायचे, "पण प्रभू, एखादं घर जरा ठेचकाळत राहू दे." देवही असा कनवाळू, की दर रविवारी बरोब्बर एक फुली पडायची. दोन कधी नाहीत, शून्यही कधी नाही. चारही घरं आळीपाळीने घसरत होती. मशीनला महिन्याचं सर्व्हिसिंग लागतं तसं श्रद्धेलाही लागत असणार, असा सुपरवायझरी निष्कर्ष त्यांनी काढून ठेवला होता.

"सैतान असाच आळसातून शिरतो, मीनल," त्यांनी सुरुवात केली आणि चांगले पाऊण तास बोलले. मीनलने मान खाली घालून ऐकलं. धर्मराजने दुपारच्या पाळीला जायचं म्हणून घड्याळाकडे पाहिलं, तर तिने डोळे वटारले. करुणाबाई कॉटवर बसल्या होत्या.

भिंतीवर पुठ्ठ्याचे पंख टांगले होते, चंदेरी कागद चिकटवलेले.

"हे कुणाचे गं?" शांतवनरावांनी विचारलं.

"माझे," आठ वर्षांची नेत्रा म्हणाली. "नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये नाटक आहे ना, त्यात मी देवदूत होते."

"होते म्हणजे?"

"त्या रविवारी पण आम्हाला यायचं नाहीये." तिचे डोळे भरून आले. "मला यायचं होतं."

"बसा काका, चहा टाकते," मीनल घाईघाईने म्हणाली.

"राहू दे, मी पाणीच घेतो," म्हणत शांतवनराव पडद्यामागच्या ओट्याकडे गेले. माठाच्या वर चर्चचं कॅलेंडर होतं. प्रत्येक रविवारच्या चौकटीत लाल शाईने एकेक आडनाव लिहिलेलं. गेल्या रविवारी भालेराव. येत्या रविवारी कोंडाजीचं. मग बाकीची दोन घरं. आणि एकवीस डिसेंबरला पुन्हा भालेराव.

अक्षर गोल, टपोरं, शाळेच्या फळ्यावर बत्तीस वर्षं लिहून घडलेलं होतं. घरातल्या वाणसामानाच्या यादीत ते रोज त्यांच्यासमोर असायचं. पेला हातात तसाच राहिला.

ते कॅलेंडर घेऊनच बाहेर आले. करुणाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग फरशीकडे.

"काकूंवर रागावू नका," मीनल म्हणाली. "आम्ही चार घरांनी मिळून ठरवलं. महिन्यातून एक रविवार, काय मोठंसं? तुम्ही परत त्या खुर्चीत बसाल म्हणून काकू रडल्या होत्या हो."

शांतवनरावांना रागवायचं होतं. पाऊण तासाचं बोलणं आठवून त्यांचे कान तापले. मग त्यांनी पंखांकडे पाहिलं, नेत्राकडे पाहिलं, आणि धर्मराजच्या खिशातलं पेन काढून घेतलं. एकवीस तारखेच्या चौकटीतलं 'भालेराव' त्यांनी खोडलं आणि खाली आपल्या तिरक्या अक्षरात 'उजागरे' लिहिलं.

"देवदूताशिवाय नाटक होत नसतं," ते नेत्राला म्हणाले. मग मीनलकडे वळले. "आणि त्यानंतरच्या गुरुवारी चारही घरं खरवईला या. आमचा खाडा असेल, कोणीतरी धीर द्यायला नको का?"