बॅगेत काय आहे?

हेवा हे सात महापापांपैकी एक आहे, यावर नंदाखाल गावच्या रॉकीचा पूर्ण विश्वास होता. फक्त चुलतभाऊ बेसिलपुरती त्याने सवलत घेतली होती.

बेसिलकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. भाचीच्या लग्नाला सगळे विमानाने नागपूरला निघाले, तर त्याने तेही बॅगेत भरलं. "घर बंद राहणार. कुणाच्या भरवशावर ठेवू?" हे तो विमानतळापर्यंत गाडीतल्या प्रत्येकाला सांगत होता.

काउंटरवर बेसिलला बाजूला घेतलं. रॉकीने बायकोला कोपराने ढोसलं. "जीना, बघ आता कशी वरात निघते याची."

पण अधिकाऱ्याने परवाना पाहिला, काडतुसं वेगळी बांधलीत ना ते विचारलं, सही घेतली आणि वर म्हणाला, "थँक यू, सर."

सर! रॉकीला आजवर सर म्हणाली होती ती फक्त फोनवरची कर्ज देणारी मुलगी.

त्याला राहवेना. काउंटरवरच्या मुलीकडे वाकून तो हळूच म्हणाला, "मॅडम, त्याच्या बॅगेत रिव्हॉल्व्हर आहे हं."

"माहीत आहे, सर. त्यांनीच सांगितलं. तुमच्या बॅगेत काय आहे?"

विचारलं एकदाचं कुणीतरी. रॉकी ताठ झाला. "खोबऱ्याचे गोटे. आमच्या स्वतःच्या वाडीचे. असं खोबरं अख्ख्या नागपुरात मिळणार नाही."

"बाहेर काढा, सर. सुकं खोबरं विमानात चालत नाही. पेट घेतं."

रिव्हॉल्व्हर वेळेवर नागपूरला पोचलं.