कोणासाठी हवंय?

"सर्जनचं विसरणं," तरुण सर्जन दाराकडे बघत हळूच म्हणाला. "ऑपरेशन चालू असताना पुढची पायरीच आठवत नाही, अशांवर काही लिहिलंय का कोणी? त्यांनी कधी थांबावं?"

ग्रंथपालबाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात हाच सर्जन त्यांच्या नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन करणार होता.

कोणासाठी हवंय, हे विचारायचं नाही, हा हॉस्पिटलच्या ग्रंथालयाचा शिरस्ता. त्यामुळेच डॉक्टर मोकळेपणी येत, लेख वाचून कधी औषध बदलत, कधी ऑपरेशनच टाळत. बाईंनी जीभ आवरली आणि शोधायला बसल्या. असा माणूस आपलं विसरणं शेवटपर्यंत लपवतो, असं त्या लेखांत होतं.

लेख घेऊन सर्जन गेला आणि चष्मा टेबलावरच विसरला. म्हणजे विसरणारा हाच, बाईंना वाटलं.

"डॉक्टर बदलायला ती काय भाजी आहे?" घरी नवरा हसला. "चांगला मुलगा आहे तो."

"अहो, मला भीती वाटते. जरा चुकलं तर तुमचे पाय कायमचे जातील." का भीती वाटते, ते मात्र सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मोठ्या सरांना गाठलं. विभागाचे प्रमुख, त्या सर्जनचे गुरू. सगळं हॉस्पिटल डोळे मिटून त्यांच्यावर विसंबायचं.

"भावाचं ऑपरेशन म्हणालात ना?"

"नवऱ्याचं, सर."

"हो, हो. पुढचा आठवडा कशाला? उद्याच घेऊ. मी स्वतः करतो."

बाईंना तिथेच रडू फुटलं.

सकाळी नवऱ्याला आत नेलं. "आता तरी हस," तो जाताना म्हणाला. बाहेर बसवेना, म्हणून बाई शेजारच्याच आपल्या ग्रंथालयात आल्या आणि उगाच पुस्तकं लावत राहिल्या.

तेवढ्यात तरुण सर्जन धापा टाकत आत शिरला.

"बाई, तुमचे लेख नसते तर माझं धाडसच झालं नसतं. आत्ताच व्यवस्थापनाला दाखवले. त्यांना पटलं. आजपासून ऑपरेशन बंद."

"तुम्ही... आता करणार नाही?"

"मी?" तो गोंधळला. "अहो, मी नाही, मोठे सर! त्यांना थांबवायला निघालो, तर ते ऑपरेशनला उभे राहिलेत म्हणे. आज त्यांच्या यादीत एकही पेशंट नव्हता. कोणाला घेतलंय, काही कानावर आलंय का?"