तिसरी कडी

थोरली जाऊ पोशाखाच्या कड्या लावत होती आणि धाकटी पाठमोरी उभी राहून मोजत होती.

पहिली कमरेशी. खट्ट. दुसरी पाठीच्या मधोमध. खट्ट. तिसरी दोन खांद्यांच्या मध्ये, जिथं आपला आपल्याला हात पोचत नाही. तिथं थोरलीची बोटं बराच वेळ घुटमळली. काहीतरी घासल्यासारखं झालं. आवाज मात्र आला नाही.

“झालं?” धाकटीनं विचारलं.

“झालं.”

“तिसरी वाजली नाही, ताई.”

“वाजायलाच हवी का? शाळेची घंटा आहे का ती?”

शेजारच्या जोडीतल्या दोघी हसल्या. धाकटी हसली नाही.

“घरी माझ्यामागून येऊन डब्यांची झाकणं दाबून बघायचात,” ती म्हणाली. “आणि इथं एकदा लावली की झालं?”

थोरलीनं दाराकडे पाहिलं.

दारात मालक उभे होते, आपली आवाजाची पेटी घेऊन. ते कधी एकटे नसत. दोघे दोघे, खांद्याला खांदा लावून, एकाच पावलानं चालत. माणसंही ते जोडीनंच मोजत. जोडीतली एक मेली की उरलेली त्यांच्या लेखी अर्धी, आणि अर्ध्याला ते खाणीत पाठवत नसत. ती वर शेडमध्ये खडे निवडत बसे, नवी जोडीदारीण मिळेपर्यंत. कधी कधी वर्षभर. मागच्याच महिन्यात एकीनं खाली जाताना लिफ्टमध्ये जोडीदारणीला “वळ गं जरा” म्हटलं होतं. वळलेली परत वर आली नाही; वळायला सांगणारी आता शेडमध्ये होती. अंगानं भरली होती.

या दोघी एका घरातल्या म्हणून मालकांनी त्यांची जोडी लावली होती. घरातल्या कुणी लावली नसती.

मरायला खाणीतल्या हवेचा एक श्वास पुरे होता. कडी अर्धीच फिरवली तरी बंद दिसे आणि पाचव्या थराला दाब वाढला की सुटे. दुसऱ्या जोडीच्या पोशाखाला हात लावायला मनाई होती. खाली जात नाही म्हणायची सोय नव्हती. तसं म्हणणारीला पोशाखाशिवाय पाठवत.

काल थोरली गोदामाच्या मागच्या दारानं बाहेर पडताना धाकटीनं पाहिली होती. “कुठं गेला होतात?” म्हणून विचारलं, तर “कुठं नाही” म्हणाली. आणि आज तिसरी कडी वाजली नव्हती.

“वळा,” धाकटी म्हणाली. आता तिची पाळी होती.

थोरली वळली. मान खाली घालून, केस एका हातानं बाजूला धरून ती उभी राहिली. मानेवर घामोळं उठलं होतं. धाकटीनं पहिली लावली. खट्ट. दुसरी लावली. खट्ट. तिसरीवर तिची बोटं थांबली. मी जाणार आणि ही वर खडे निवडणार, तिच्या मनात आलं. तिनं कडी अर्धीच फिरवली आणि वर नखानं टिचकी मारली.

खट्ट.

“वाजली,” थोरली म्हणाली. “तुझं समाधान झालं ना?”

दोघींनी हेल्मेटं चढवली, हातमोजे घातले, कुदळी घेतल्या. लिफ्टमध्ये सहा जोड्या उभ्या राहिल्या. दार लागलं. भिंतीवरचा थराचा आकडा एक झाला.

हेल्मेटमध्ये बोललेलं फक्त मालकांच्या पेटीत ऐकू जाई. त्यामुळे एकमेकींशी बोलायचं तर आपल्या हेल्मेटवरचं पेटीचं बटण बंद करून हेल्मेटला हेल्मेट टेकवावं लागे. थोरलीनं बटण दाबलं, धाकटीलाही खुणेनं दाबायला लावलं आणि आपलं कपाळ पुढं आणलं.

“तुझ्या तिसरीत नवं रबर घातलंय,” तिचा आवाज काचेतून बारीक आला. “नवं वाजत नाही. जुनं चिरलं होतं. आठवडा झाला, बघत होते मी.”

“मग मघाशी का नाही बोललात?”

“मालक दारात होते ना. गोदामवाल्याचा जीव गेला असता.”

“त्यानं फुकट दिलं?”

“फुकट कोण देतंय. पांघरूण दिलं माझं. आता तुझ्यात झोपेन. लाथा मारू नकोस म्हणजे झालं.” ती काचेआड हसली. “झाकणं तपासायची खोड आहे मेली, ती काय इथं येऊन जाणार?”

भिंतीवरचा आकडा दोन झाला.

“ताई,” धाकटी म्हणाली, “वळा जरा.”

“कशाला?”

“तुमची तिसरी... एकदा बघते.”

“मघाशी वाजली की.”

“वळा म्हणते ना!”

थोरलीचं हसू गेलं. तिनं धाकटीच्या डोळ्यांत पाहिलं, मग तिच्या हाताकडे. तो हात खांद्याकडे यायला निघालाच होता.

“मी मघाशी ती...” धाकटीनं सुरुवात केली.

थोरलीनं हेल्मेट मागं घेतलं. पुढचं काही तिला ऐकू गेलं नाही. ती एक पाऊल सरकली, मग आणखी एक. बाकीच्या जोड्यांनी बाजूला होऊन वाट दिली. भिंतीला पाठ लागली तेव्हा ती थांबली आणि तिनं कुदळ आडवी धरली.

धाकटी ओरडत होती. काच आतून धुरकट झाली. तिनं कुदळ खाली टाकली आणि दोन्ही हात वर केले, ते रिकामे आहेत हे दिसावं म्हणून.

थोरलीनं पाठ भिंतीला आणखी घट्ट लावली. वरचा आकडा चार झाला होता.