एकतिसावं मिनिट

रामदासकाकांची प्रार्थना एकतिसाव्या मिनिटाला पोचली, तेव्हा हेमाने एक डोळा उघडून घड्याळ पाहिलं. एकतिसाव्या मिनिटाला आमोद येई. "प्रभू, हेमाच्या आमोदला आईला फोन करायची बुद्धी दे," काका म्हणाले आणि सोसायटीच्या वॉचमनकडे वळले. तिथून वॉचमनच्या बुलढाण्यातल्या म्हशीकडे. हेमाने डोळा मिटला. पोहे गार झाले होते.

विश्रांतवाडीत हेमाच्या हॉलमध्ये दर गुरुवारी चर्चचा हा गट भरे. वचन वाचायचं, दोन गाणी म्हणायची, प्रार्थना करायची, पोहे खायचे. वचन आणि गाणी अर्ध्या तासात उरकत. मग काका सुरू होत, ते चाळीस मिनिटं. सगळ्यांची नावं, त्यांच्या सुनांची, सुनांच्या माहेरची. एकदा वीज गेली. पंखे थांबले, काका थांबले नाहीत. दुसऱ्याचं बोलणं तोडायला पुण्यात माणसं कमी नाहीत, पण समोर देव असल्यावर त्यांचीही जीभ रेटेना.

त्या गुरुवारी पाळकसाहेब मुद्दाम आले होते. ते पूर्वी कारखान्यात होते, त्यामुळे वाढ त्यांना आकड्यांत दिसे. "गटात चौदा माणसं झाली. बारावर गेली की एकाचे दोन करायचे," ते म्हणाले. "श्रद्धा आणि केदार वाघोलीहून येतात. त्यांनी तिकडे आपल्या सोसायटीत नवी माणसं जमवून गट सुरू करावा. इथला एक अनुभवी माणूस सोबत न्यावा."

"अनुभवी म्हणजे आपले रामदासकाकाच," हेमा म्हणाली.

चहा की कॉफी यावर ज्या गटाचं कधी एकमत झालं नव्हतं, त्याच्या माना एकदम डोलल्या. श्रद्धाने तेवढं केदारकडे पाहिलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटलं होतं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी आता आपला काही उपयोग नाही," ते म्हणाले. "दोन बस बदलाव्या लागतील. पण जातो."

हेमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिने शब्द मागे घेतला नाही. काकांच्या पोह्यांवर ओलं खोबरं जरा जास्त घातलं.

पुढच्या गुरुवारी प्रार्थना स्पृहाने केली. ती बँकेत होती, काम नेटकं. "सगळ्या आजाऱ्यांना आणि सगळ्या गरजवंतांना," असं ती म्हणाली. त्यात सगळे बसले, म्हैससुद्धा. नऊ मिनिटं. पोहे गरम होते. दोघांनी परत मागून घेतले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच झालं.

तिसऱ्या गुरुवारी सगळे ताटल्यांकडे गेले आणि हेमा डोळे मिटून बसून राहिली.

"ताई, आमेन झालं," स्पृहा म्हणाली.

"हो का," हेमा म्हणाली आणि उठली.

आमोद भांडून बंगळूरला गेला त्याला दोन वर्षं होत आली होती. फोन नाही, मेसेज नाही. कुणी विचारलं की हेमा सांगे, मजेत आहे. लोकही मान डोलवत. काका मात्र दर गुरुवारी देवाला खरं ते सांगत. माणसं पांगल्यावर हेमाने स्वतः प्रयत्न करून पाहिला. "प्रभू, आमोदला..." इथवर झालं. पुढे त्याला काय काय सुनावायचं याचीच यादी आली. आमोदसाठी मागणारा एकच माणूस होता, आणि त्याला तिने दोन बस पलीकडे धाडलं होतं. त्या दिवशी तिला पोहे गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी श्रद्धाचा फोन आला.

"हेमाताई, खरं सांगू? मागच्या आठवड्यात मी तुम्हाला फोन करून काकांना परत घ्या म्हणणार होते. अहो, आमच्याकडची नवी पाच माणसं दहा मिनिटांत संपतात. मग चाळीस मिनिटं नुसती विश्रांतवाडी!"

हेमाने खुर्ची ओढली. "अगं, मग पाठव ना त्यांना परत."

"ऐका तर. काल काकांना ताप होता, ते आलेच नाहीत. मी म्हटलं, चला, आज लवकर आटपू. तर ही माणसं थांबेचनात. नावं पाठ झालीत त्यांना. तुमचा गुडघा, स्पृहाची सासू, ती म्हैस. एक थांबला की दुसरा सुरू. पन्नास मिनिटं, ताई! यांतल्या एकानेही तुम्हाला बघितलेलं नाही. आज सकाळी लिफ्टमध्ये त्यातल्या एका बाईंनी मला अडवलं. म्हणाल्या, हेमाताईंच्या आमोदचा फोन आला का?"

'मजेत आहे' हे हेमाच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," ती म्हणाली. तिला रडू फुटलं, तसंच ती पुढे बोलली. "नाही आला अजून. त्यांना सांग, आटपू नका म्हणावं. लागू दे वेळ."