पाहुण्यांनी मुंग्या बघितल्या

मुंग्यांपायी राजनंदिनीची दोन स्थळं आधीच मोडली होती. म्हणून या वेळी आईनं त्यांची कुंडी आतल्या खोलीत लपवली. पण मंद्रूपहून मुलाची आई, चिमाबाई आल्या आणि घर बघायच्या निमित्तानं नेमक्या तिथंच शिरल्या. पाणी भरलेल्या परातीत ठेवलेल्या कुंडीत आंब्याचं रोप, आणि पानाला पान शिवून केलेली घरटी.

"ह्या मुंग्या तू पाळल्यास व्हय गं?"

"हो," मागोमाग आलेली राजनंदिनी म्हणाली. "परदेशी आहेत, आफ्रिकेतल्या. रोज मध-पाणी आणि नाकतोडे देते. भोवती पाणी असलं की पळत नाहीत."

मागं उभ्या आईनं कपाळाला हात लावला. हेही गेलं.

"ही घरं कोण शिवतंय?"

"बायकाच. सगळ्या कामकरी माद्याच असतात."

"आन दाणापाणी?"

"त्याच आणतात. पोरं सांभाळतात, कुणी अंगावर आलं तर चावायलाही त्याच जातात."

"मग गडी काय करत्यात?"

"काही नाही. आयतं खातात. एकदाच उडतात, लग्न करतात आणि मरतात."

"लगीच?"

"लगेच."

चिमाबाईंनी घरट्यावरची नजर दाराकडं वळवली. बाहेर त्यांचे मालक बिरप्पा सुशीलाची, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांची, तिसरी बशी मागत होते. चिमाबाईंनी आवाज खाली आणला.

"पोरी, लग्नाचं बघू की सावकाश. ह्यातली एक फांदी मला देशील का?"