वेगळ्या कोनातून

वाक्प्रचार: लुक ॲट इट फ्रॉम अ डिफरंट अँगल.
अर्थ: एखाद्या गोष्टीकडे वेगळ्या कोनातून बघणे.
वाक्यात उपयोग:

गृहपाठ करताना ब्रिटनी इथेच अडली होती. तेवढ्यात तिचे वडील मॅन्युएल होडी लावून घरात आले. आज ऑल सोल्स डे, गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस. उत्तनचं सगळं गाव कबरींवर फुलं ठेवायला गेलं होतं. तिचा भाऊ गेविन समुद्रात बुडाला, तो मिळालाच नाही. त्याची कबर नाही. वडिलांच्या पिशवीतली झेंडूची फुलं तशीच होती.

"पप्पा, फुलं न्हाय सोडली?"

"जागाच गावली न्हाय, बाय. होडीतनं बघताना किनाऱ्यावरच्या ताडाच्या बरोबर मागं चर्चचा क्रूस आला, की समजायचं, तिथंच तो बुडाला. आता मधी टॉवर उभा केलाय. क्रूस दिसतच न्हाय."

ब्रिटनीने वहीकडे बघितलं.

"मग होडी थोडी बाजूला घ्यायची ना, पप्पा. दुसऱ्या अँगलनं बघायचं."

"घेतली ना. क्रूस दिसला." मॅन्युएलनी पिशवी खुंटीला अडकवली. "पन तिथं खाली गेविन न्हाय."