पिठाचा डबा

स्टुडिओवाल्यांना जुना सिनेमा पुन्हा लावायचा होता, पण एका सीनने त्यांची झोप उडाली होती. त्यात गोरा हिरो काळ्या मोलकरणीच्या तोंडावर पिठाचा डबा उपडा करतो आणि म्हणतो, "आता दिसतेस माणसासारखी!" सिनेमात ती मोलकरीण झालेल्या आजीबाईंना विचारायला स्टुडिओचे साहेब घरी आले.

"कापून टाकतो तो सीन, आजी."

"हात लावू नका. लोक अजून हसतात का, ते बघायचंय मला."

"कशाला पुन्हा शोभा करून घ्यायची, आई?" सून कुरकुरली.

"तोंड माझं, पीठ माझ्यावर. तू का शिंकतेस?"

पहिल्या खेळाला आजीबाई नटूनथटून पुढच्या रांगेत बसल्या. सीन आला तशा पडद्याकडे पाठ करून लोकांकडेच बघत राहिल्या. डबा उपडा झाला. भरलेल्या थिएटरात कोणी हूं की चूं केलं नाही.

"सीन साफ पडला, आजी," साहेब घाम पुसत म्हणाले.

"पडू दे! तेव्हा अख्खं थिएटर खिदळलं होतं. आमचे हे तर हसून हसून खुर्चीतून घसरले होते. आज असायला हवे होते. म्हटलं असतं, आता हसून दाखवा एकटे!"